रूमी टोपीतलं बियाणं

माझी नात सध्या सिमला मिरचीच्या बिया रुजवते आहे. बाजारातून लाल सिमला मिरची आणली, बिया काढल्या, ओल्या कागदात गुंडाळून डबीत घातल्या, आणि डबी ठेवली कुठे, तर इंटरनेटच्या त्या लुकलुकणाऱ्या डबड्यावर. ते म्हणे कायम कोमट असतं. रोज सकाळी झाकण उघडते आणि मला विचारते, "आजी, ये कायकु नै आ रे?" जसा काही बियांचा कारभार माझ्याकडे आहे.

परवा मी म्हटलं, "टोपीत ठेव."

"कसली टोपी?"

"रूमी. वकिलाची असली तर उत्तम. आत डोकंही हवं, आणि ते तापट हवं."

"मम्मी, आजी फिर से शुरू!" असं ओरडून ती कॉलेजला गेली. गेली तर गेली. वकीलकाका मात्र आठवले ते दिवसभर डोळ्यांपुढून हलेनात.

वकीलकाका माझे सख्खे काका नव्हेत. माझ्या वडिलांची हिंगोलीकडे शेती. जमिनीच्या भांडणात ते हैदराबादेत या वकिलाकडे आले, तर वकील म्हणाला, "तुमची बाजू लंगडी आहे, घरी जा." असा वकील वडिलांनी जन्मात पाहिला नव्हता. ते घरी गेले आणि पुढच्या वर्षी मला शिकायला त्यांच्याच बरकतपुऱ्यातल्या घरी आणून सोडलं. मी तेव्हा फार हुशार होते. म्हणजे माझी तशी समजूत होती, आणि वकीलकाका व त्यांची बायको गोदाकाकू दोघंही सभ्य असल्यामुळे त्या समजुतीला कोणी धक्का लावला नाही.

काका उंच, किडकिडीत. काळी शेरवानी, डोक्यावर गोंड्याची लाल रूमी टोपी. कचेरीचं कामकाज सगळं उर्दूत, त्यामुळे घरी मराठी बोलायला लागले तरी मधूनच कचेरी डोकवायची. आमटी अळणी झाली तर "मीठ गैरहजर आहे" म्हणायचे. कुठल्याही गोष्टीवर त्यांची दोन वाक्यं ठरलेली. एक, "पुरावा काय?" आणि दुसरं, "याला दोन बाजू आहेत." गोदाकाकू म्हणाल्या, गवळी दुधात पाणी घालतो, की पुरावा काय. मी म्हटलं, गणिताच्या बाई माझ्यावर डूख धरून आहेत, की याला दोन बाजू आहेत. गोदाकाकू चिडून म्हणायच्या, "लग्नात मला हार घालतानासुद्धा यांनी दुसरी बाजू ऐकून घेतली असेल."

खोटं मात्र बोलायचे नाहीत. पढवलेला साक्षीदार पायरीवर दिसला की त्याला पायरीवरूनच परत पाठवत. एकदा एक चिकट माणूस दारात आला. गोदाकाकूंनी त्याला सांगितलं, "घरी नाहीत." आतून काकांचा खणखणीत आवाज आला, "आहे!"

शेजारी हकीमसाहेब राहत. युनानी औषधं देणारे, पांढरी दाढी, अत्तराचा मंद वास. दोन घरांमधल्या भिंतीत एक छोटं दार होतं आणि त्या दाराला कडी कधी लावलेली मी पाहिली नाही. रोज संध्याकाळी हकीमसाहेब त्या दारातून वाकून येत आणि काकांच्या वऱ्हांड्यात बुद्धिबळाचा पट मांडला जाई. खेळात कोण जिंकलं ते कधी कळत नसे. दोघंही आपणच हरलो असं म्हणत.

त्या वर्षांत कुणालाच काही कळत नव्हतं, तिथे बुद्धिबळाचं काय! सत्तेचाळीसच्या ऑगस्टात देश स्वतंत्र झाला, पण आम्ही झालो की नाही? रेल्वेत बसून सोलापूरला उतरलं की आपण स्वतंत्र, परत आलं की संस्थानात. तिरंगा लावायला बंदी. शाळेत सकाळी निजामाची दुआ म्हणायची आणि मधल्या सुट्टीत आम्ही मुली कानात कुजबुजून भारतमातेचा जय करायचो. स्वातंत्र्याच्या दिवशी काकांनी गोदाकाकूंना शिरा करायला सांगितला. हकीमसाहेबांनी वाटी हातात घेऊन विचारलं, "किस ख़ुशी में, वकीलसाहब?" आता खोटं बोलायचं नाही आणि खरं तर बोलता येत नाही. काका छताकडे पाहत म्हणाले, "रवा होता." हकीमसाहेबांनी मान डोलावली. "रवा अच्छी चीज़ है," म्हणाले, आणि वाटी चाटूनपुसून परत दिली.

त्याच थंडीत ती मिरची आली. इंग्रजांच्या रेसिडेन्सीतला कुणी गोरा साहेब गाशा गुंडाळून विलायतेला निघाला होता. हकीमसाहेबांच्या औषधानं त्याचं पोट सुधारलं म्हणून त्यानं जाताना आपल्या बागेतलं एक फळ त्यांना दिलं. लालबुंद, मुठीएवढं, फुगीर. हकीमसाहेब ते रुमालात घेऊन आले. "सिमला मिर्च. तिखटच नै."

"तिखट नाही तर मिरची कशावरून?" गोदाकाकूंनी विचारलं. हकीमसाहेबांनी नुसतं तोंड पुसलं आणि काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "प्रश्न योग्य आहे."

शेवटी ती चिरली. काकांनी मान्यवर साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसा एक तुकडा जिभेवर ठेवला. आम्ही सगळे त्यांच्या डोळ्यांत पाणी येण्याची वाट पाहत होतो. "गोड आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो गोंधळ उमटला तो पुढे वर्षभर उतरलाच नाही. हकीमसाहेबांनी बिया वाळवून औषधाच्या पुडीत बांधून ठेवल्या.

मग अठ्ठेचाळीसचा सप्टेंबर आला. विमानं घोंघावली, भारताची फौज आली, थोड्याच दिवसांत सगळं आटोपलं. बरकतपुऱ्यात आम्ही पेढे खाल्ले. पण गावाकडून हकीमसाहेबांच्या नातलगांच्या ज्या बातम्या येत होत्या त्या पेढ्यांबरोबर खाण्यासारख्या नव्हत्या. हकीमसाहेब त्या ऐकत आणि हातातलं प्यादं पटावर ठेवायचं विसरत. त्यांचा एकुलता मुलगा आधीच कराचीला गेला होता आणि आता बापाला बोलावत होता. बायको केव्हाच वारलेली. त्यांनी अंथरुणाचा होल्डॉल काढला. एके दिवशी तो बांधलेला दिसे, दुसऱ्या दिवशी सोडलेला. गोदाकाकू सकाळी भिंतीवरून डोकावून आम्हाला सांगत, "आज पट्टे आवळलेत." काका त्या दिवशी जेवत नसत.

मी एकदा म्हटलं, "काका, तुम्ही त्यांना राहा म्हणून सांगत का नाही?"

"कशाच्या आधारावर सांगू?" ते म्हणाले. "उद्या इथं काही वाईट घडलं तर? त्यांचं इथं बरं होईल याचा माझ्याकडे पुरावा काय?"

हे बोलताना त्यांचा आवाज चिरकला. मला वाटलं सर्दी झाली. मी काढा करू का विचारलं. सांगितलं ना, मी हुशार होते.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी हकीमसाहेबांनी पटावर ती पुडी ठेवली. "वकीलसाहब, ये बीज लगाइये. निकल आए, तो मैं रह जातूँ. नै निकले, तो समझूँगा, मिट्टीच ने जवाब दे दिया." हसत म्हणाले, पण हात पुडीवरून उचलेना.

झालं. ज्या माणसानं कधी तुळशीला पाणी घातलं नव्हतं त्याच्या गळ्यात शेती पडली.

सल्ला द्यायला मी होतेच. शेतकऱ्याची पोर, शिवाय मॅट्रिकच्या वर्गात भूगोल शिकलेली. मी जाहीर केलं की सिमला थंड हवेचं ठिकाण असल्यामुळे हे बियाणं गारव्यातच उगवणार. निम्म्या बिया ओल्या फडक्यात बांधून मी माठाखाली, ओल्या वाळूत ठेवल्या. मला बर्फही हवा होता, तो गोदाकाकूंनी आणू दिला नाही. बिया तिथे दगडासारख्या पडून राहिल्या. हकीमसाहेबांनी येऊन माठाकडे, मग माझ्याकडे दयेनं पाहिलं. "बेटी, मिर्च का मिज़ाज गर्म होता. इसकु गर्मी होना."

पण गर्मी आणायची कुठून? थंडी पडलेली, ऊन फिकं. गोदाकाकू मटकीला मोड आणायच्या ते चुलीमागच्या कोनाड्यात. पण त्या दिवसांत त्यांच्या चुलीवर काका रागावलेले होते, कारण तिथे ठेवलेली त्यांची एक मिसल, म्हणजे खटल्याचे कागद, आमटीत पडली होती. "चुलीवर विश्वास नाही," ते म्हणाले.

"मग स्वतःच्या डोक्यात ठेवा," गोदाकाकू फणकारल्या. "तिथे बारा महिने उन्हाळा आहे."

काकांनी हा मुद्दा गांभीर्यानं घेतला.

आता हे लक्षात घ्या की फौज आल्यावर शहरातल्या लाल टोप्या, निजामाच्या राज्याची खूण म्हणून, एका आठवड्यात नाहीशा झाल्या होत्या. काल रूमी टोपी घालून मिरवणारे आज पांढरी गांधी टोपी शोधत सुलतान बाजारभर फिरत होते. काकांनीही आपली रूमी टोपी खुंटीला टांगून काळी टोपी धरली होती. पण काळी टोपी बसकी. उरलेल्या बियांची ओल्या फडक्यातली पुरचुंडी आत मावेना. रूमी टोपी कशी उंच, आत ऐसपैस. तेव्हा सगळं शहर लाल टोपी टाकत असताना वकीलकाकांनी ती खुंटीवरून काढली, आत पुरचुंडी ठेवली आणि कचेरीला गेले.

बरकतपुरा हादरला. वाण्यानं मला विचारलं, "वकीलसाहेबांचं काय बिनसलं?" कुणी म्हणालं, त्यांना निजाम परत येणार अशी आतली बातमी आहे. कुणी म्हणालं, निषेध आहे. कशाचा निषेध ते कुणाला सांगता येईना. मला पुरचुंडीचं माहीत नव्हतं, आणि माझं रक्त उसळलं. मी देशासाठी काकांशी अबोला धरला. भाजी वाढताना वाटी आपटायची. काकांच्या ते लक्षातच आलं नाही. त्यांना वाटलं वाट्या निसटताहेत, आणि त्यांनी गोदाकाकूंना हलक्या वाट्या घ्यायला सांगितल्या.

कचेरीत एकदा टोपीखालून पाण्याचा ओघळ कानशिलावर आला. न्यायाधीश म्हणाले, "वकीलसाहब, इतनी सर्दी में पसीना?" काका म्हणाले, "पसीना नहीं हुज़ूर, पानी है." न्यायाधीशांना त्यात काही खोल अर्थ वाटला असावा, कारण त्यांनी तारीख पुढची दिली.

आणि मग सुलतान बाजारातली ती सभा. सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या पोरांचे खटले काकांनी लढले होते, म्हणून गल्लीतल्या मंडळींनी त्यांचा सत्कार ठेवला. सत्कार म्हणजे हार, आणि डोक्यावर पांढरी टोपी घालायची. गोदाकाकूंबरोबर मीही बायकांत बसले होते. संयोजक कडक इस्त्रीचा माणूस. हातात नवी टोपी घेऊन पुढे आला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, ही जुनी उतरवा."

"उतरवणार नाही," काका म्हणाले.

सभा गार. मागून कुणीतरी ओरडलं, "निजामाला जाऊन भेटा मग!" माझे कान तापले. गोदाकाकूंनी पदर तोंडात धरला होता. मला वाटलं त्या रडताहेत. मी त्यांचा हात दाबला, तर त्या हसून हसून थरथरत होत्या.

"का उतरवणार नाही?" संयोजकानं विचारलं.

काकांच्या मानेची शीर फुगली. खोटं बोलायचं नव्हतं. खरं सांगितलं तर हकीमसाहेबांचं जाणं-राहणं चारचौघांत चघळलं जाणार. "या टोपीखाली," ते म्हणाले, "एका माणसाचा या शहरावरचा विश्वास आहे. तो उघड्यावर काढायचा नाही."

कुणाला काही कळलं नाही. पण वाक्य इतकं भारदस्त होतं की एकानं टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच वाजवली. संयोजक गडबडला. हातातल्या पांढऱ्या टोपीचं काय करावं ते त्याला सुचेना, तेव्हा त्यानं ती लाल टोपीच्या वरच घातली. आणि काका तसेच, खाली लाल नि वर पांढरी, गळ्यात हार, मान एवढीशीही न हलवता, सुलतान बाजारातून बरकतपुऱ्यापर्यंत चालत आले. वाटेत माणसं नमस्कारासाठी हात उचलत, अर्ध्यावर थांबत, आणि आदाब करावा की जयहिंद म्हणावं ते न कळून कान खाजवत.

घरी येऊन त्यांनी दोन्ही टोप्या काढल्या आणि पुरचुंडी सोडली. तेव्हा कुठे मला कळलं टोपीत काय होतं. बिया काळ्या पडल्या होत्या. बोट लावलं तर लगदा. गोदाकाकूंनी फडकं हुंगलं. "डोक्याचं तेल लागलं," त्या हळूच म्हणाल्या. या वेळी टोमणा नव्हता.

भिंतीपलीकडे होल्डॉलचे पट्टे आवळल्याचा करकर आवाज येत होता. कोंब आले नाहीत तर रविवारी निघायचं ठरलं होतं. काका फडक्याकडे पाहत बसले. पुरावा समोर होता, स्वच्छ, निर्विवाद, आणि तो त्यांच्या विरुद्ध होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर वकीलकाका तिथे उकिडवे बसलेले. त्या घरात त्यांना स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच पाहत होते. पुढ्यात गोदाकाकूंची सुक्या लाल मिरच्यांची बरणी. बेगम बाजारातल्या, आपल्या रोजच्या, जाळ मिरच्या. काका एकेक मिरची मोडून बिया ताटलीत झटकत होते. तशाच हातानं त्यांनी डोळा पुसला असावा, कारण एक डोळा टोमॅटोसारखा झाला होता.

"काय बघतेस?" ते म्हणाले.

"काका, फोडणी करताय?"

"हो," वकीलकाका म्हणाले.

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खोटं. पण मला तेव्हा एवढंच वाटलं की म्हातारा माणूस वैतागून स्वयंपाक शिकतोय, आणि मी त्यांना सांगितलं की फोडणीत आधी मोहरी घालतात. हसा, खुशाल हसा. मीही हसते.

त्या बिया चुलीमागच्या कोनाड्यात, मटकीच्या फडक्याशेजारी गेल्या. गोदाकाकूंनी एका शब्दानं विचारलं नाही. राख कोमट राहावी म्हणून त्या दिवसातून कितीदा तरी निखारे सारत. हकीमसाहेबांना काकांनी निरोप दिला की न्यायालयानं मुदत वाढवली आहे, रविवारी निघू नये. हकीमसाहेब थांबले. आणि एका सकाळी फडक्यावर पांढरी, वाकड्या मानेची पिल्लं दिसली. काकांनी ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि भिंतीतल्या दारातून, डोकं आपटून घेत, पलीकडे गेले.

मी मागोमाग. हकीमसाहेबांनी चष्मा लावला. ताटली उजेडात नेली. बोटाच्या टोकानं एक कोंब किंचित हलवला. मग त्यांची नजर काकांच्या लाल डोळ्यावर गेली आणि तिथे जरा रेंगाळली.

"निकल आए," ते म्हणाले.

"निकल आए," काका म्हणाले.

हकीमसाहेब होल्डॉलवर बसले. संध्याकाळी त्याचे पट्टे सोडून त्यांनी अंथरूण पुन्हा पलंगावर घातलं.

रोपं काकांच्या वऱ्हांड्यात कुंड्यांत लागली. उन्हाळ्यात फळ धरलं. लांबट, बारीक, टोकदार, ज्याला फुगीर म्हणायला फार मोठं मन लागलं असतं. पहिलं तोडलं त्या संध्याकाळी काकांनी त्याचे दोन तुकडे केले आणि दोघांनी एकदमच तोंडात टाकले. मी खांबाशी उभी होते. हकीमसाहेबांची दाढी थरथरली. काकांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"क्या मीठी है, वकीलसाहब," हकीमसाहेब म्हणाले.

"अगदी गोड," काका म्हणाले, आणि दोघांनी एकाच वेळी तांब्याकडे हात नेला.

तेव्हा कुठे माझ्या हुशार डोक्यात उजेड पडला. मी तोंड उघडलं, तर गोदाकाकूंनी मला आतून हाक मारली. हाक कशासाठी होती ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

पुढे माझं लग्न झालं. सासर काचीगुड्याला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. काळ बदलला, कचेरीतली उर्दू गेली, काकांनी वकिली सोडली. सुलतान बाजारात सिमला मिरची टोपल्या भरभरून यायला लागली. एका वैशाखात मी त्यातली चांगली हिरवी, फुगीर, अस्सल सिमला मिरची मुद्दाम काकांसाठी घेऊन गेले. ते वऱ्हांड्यात पटासमोर बसले होते. खूप थकले होते. त्यांनी मिरची हातात घेतली, फिरवली, हुंगली.

"ही ती?"

"हीच ती, काका. खरी."

तेवढ्यात भिंतीतल्या दाराशी काठी वाजली. हकीमसाहेब वाकून येत होते. काका माझ्याकडे पाहायला लागले, आणि त्या ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेलेल्या मुलाची भीती पसरली. लपवायला जागा नव्हती. अंगात नुसती बंडी. त्यांनी मागे हात केला, खुंटीवरची जुनी रूमी टोपी ओढली, मिरची आत टाकली आणि टोपी डोक्यावर चढवून ताठ बसले. टोपी नेहमीपेक्षा बोटभर वर राहिली.

हकीमसाहेब पटासमोर टेकले. टोपीकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या बाजाराच्या पिशवीकडे पाहिलं.

"वैशाख में रूमी टोपी? सर्दी है क्या, वकीलसाहब?"

"याला दोन बाजू आहेत," काका म्हणाले.

हकीमसाहेबांनी सावकाश मोहरे मांडले. राजा, वजीर, हत्ती. "तो चलिए," ते म्हणाले. "मगर सर मत हिलाना. कुछ गिर नक्को जाए."

आणि वकीलकाकांनी मान जराही न हलवता, डोळे फक्त खाली वळवून, प्यादं एक घर पुढे सरकवलं.